तिसऱ्या बाकावर कोण बसले आहे?

परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या एका घरातला प्रसंग आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका सोनी लिव्हवर आली आणि जिल्हाभर तिचा बोलबाला झाला. आपल्या गावाचे नाव पडद्यावर, तेही आशुतोष गोवारीकर, मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर अशा मंडळींच्या संगतीत. कोण सोडणार? या घरातल्या वडिलांनी मात्र बापाचे कर्तव्य म्हणून नववीतल्या मुलाला बजावले, ‘लहान्यांनी बघायचं नाही ते. लॉक टाक मोबाईलला.’ मुलाने मुकाट्याने लॉक टाकले. चार आकडी पिन त्यानेच ठरवला आणि तो ठाऊक असलेला घरात तो एकटाच. आता वडिलांना काही पाहायचे झाले की ते ओसरीवरून हाक मारतात, ‘ये रे, जरा उघडून दे बरं.’

मालिका मुलाने दोन रात्रींत संपवली. तिसऱ्या दिवशी तो आजीपाशी जाऊन बसला. आजी सुपात ज्वारी निवडत होती. ‘आजी, हे खरंच झालं होतं का गं?’ त्या काळात आजी नवी नवरी होऊन गावात आली होती. सूप न थांबवता ती सांगू लागली, ‘सांज झाली की पोरींना कवाडाबाहेर सोडत नव्हते. सरपणाला, शेण वेचायला एकटीनं जायचं नाही. परसाकडं जायचं तरी तीन-चौघी मिळून...’ एवढ्यात आतून सून आली. ‘आत्याबाई, लेकरापुढं काय काढून बसलात?’ आजी गप्प झाली आणि पुन्हा खडे वेचू लागली.

एकाच घटनेच्या दोन हकिगती एकाच घरात परवानगीसाठी आल्या म्हणायच्या. पार्श्वसंगीत, अंधार आणि रक्तासह आलेली पहिली हकिगत पास झाली. ज्या बाईने ते दिवस काढले तिची हकिगत कापली गेली. कापणाऱ्या माउलीचा हेतू वाईट नव्हता. लेकराला जपावे एवढेच तिच्या मनात होते. किशोरवयीन मुलांनी काय पाहावे यावर आपल्याकडे जो काही विचार होतो, तो बहुतेक वेळा असाच होतो. जे हातात राहिलेले नाही त्यावर पिन टाकायचा, आणि जे हातात आहे ते बंद करायचे.

मानवतची घटना थोडक्यात सांगायला हवी, कारण जिल्ह्याबाहेर ती आता केवळ मालिकेचे कथानक होऊन बसली आहे. नोव्हेंबर 1972 ते जानेवारी 1974 या काळात इथे लहान मुलींचे आणि बायकांचे एकामागून एक खून झाले. पिंपळाखाली गुप्तधन आहे, पिंपळावर मुंजा आहे आणि त्याला कुमारिकांचे रक्त हवे आहे, या समजुतीतून ते झाले असे फिर्यादी पक्षाने न्यायालयात मांडले. मराठवाड्यावरच्या त्या भीषण दुष्काळाचीच ही वर्षे. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. खटला परभणीहून चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1977 मध्ये तिथे निकाली निघाला. 1981 मध्ये अमोल पालेकरांनी याच घटनेवरून ‘आक्रीत’ काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची होती. नरबळी आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्राला मिळायला मात्र 2013 साल उजाडले, तेही डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्टला पुण्यात खून झाल्यावर.

दुष्काळ, गुप्तधन, मुंजा, पोलीस तपास, न्यायालय आणि चाळीस वर्षांनी आलेला कायदा. नागरिकशास्त्र, इतिहास आणि विज्ञान या तिन्ही विषयांचा धडा व्हावा इतका ऐवज यात आहे. पण यावर कुणी नेटका माहितीपट केला आणि तो जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेत नववी-दहावीला दाखवायचे ठरवले, तर मुख्याध्यापक काय म्हणतील ते आम्ही आत्ताच सांगू शकतो. ‘विषय चांगला आहे. पण वर विचारावं लागेल.’ वर विचारणे म्हणजे काय, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत एक दिवस जरी गेलेल्या माणसाला सांगायला नको.

आता कुणी काय पाहावे हे सांगणाऱ्या शिक्क्यांकडे वळू. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने सुरुवातीला दोनच खाने केले: सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. 1983 मध्ये पालकांच्या मार्गदर्शनाचा ‘यूए’ आणि डॉक्टरांसारख्या विशिष्ट वर्गासाठीचा ‘एस’ आला. 2023 च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन तुकडे केले: 7, 13 आणि 16 वर्षांवरील. ओटीटीला असेच टप्पे 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी आधीच लावून दिले होते. 13 वर्षांपुढच्या मजकुराला पालकांच्या हाती कुलूप द्या, आणि प्रौढांच्या मजकुराला वय पडताळा, असेही ते नियम सांगतात. कुलूप कसे चालते ते मानवतच्या ओसरीवर आपण पाहिलेच.

यातली एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. वय पाहून कायद्याने खरोखर दार बंद होते ते फक्त ‘ए’ शिक्क्याने. 7, 13, 16 हे आकडे पालकांना दिलेला सल्ला आहेत. ‘यात असे असे आहे, तुमच्या लेकराला झेपेल का ते तुम्ही पाहा’ एवढेच ते म्हणतात. म्हणजे सरकारनेही अखेरचा निर्णय घराच्या उंबऱ्यापाशी आणून ठेवला आहे. निर्णय घ्यायला उंबऱ्यात कुणी उभे आहे का, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर कुठल्या नियमात सापडणार नाही.

शिक्का मारणारे मंडळ पाहते ते रक्त किती, शिवी किती, अंगावर कपडे किती. हे मोजता येते म्हणून ते मोजले जाते. दाखवले कशासाठी, हे मोजायला माप नाही. त्यामुळे काल्पनिक खुनाचा थरार आणि खऱ्या दुःखाची नोंद हे दोन्ही एकाच तराजूत पडतात. त्यात नुकसान व्हायचे ते माहितीपटाचे होते, कारण त्यातली माणसे शिकवल्यासारखी बोलत नाहीत. अमेरिकेत 2012 मध्ये याचा मासला दिसला. शाळेत इतर मुलांकडून छळ सोसणाऱ्या मुलांवरच्या ‘बुली’ या माहितीपटाला तिथल्या मंडळाने शिव्यांपायी असा शिक्का दिला की 17 वर्षांखालच्या मुलांना थोरांशिवाय जाता येईना. ज्या वयाची मुले मार खात होती आणि शिव्या ऐकत होती, त्याच वयाला बंदी. मिशिगनमधल्या एका शाळकरी मुलीने त्याविरुद्ध लाखो सह्या गोळा केल्या. शेवटी दोन-चार शिव्या कमी करून शिक्का सौम्य झाला. शाळेच्या बसमधल्या छळाचे जे दृश्य अंगावर येते, ते मात्र तसेच राहिले.

पण उदाहरणासाठी अमेरिकेपर्यंत जायचे कारण नाही. मुंबईतच याहून जुने आणि याहून बोलके उदाहरण घडले आहे. 1968 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी ‘चार शहर एक कहानी’ नावाचा सोळा मिनिटांचा माहितीपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतली श्रीमंती आणि तिच्या पायाशी बसलेली गरिबी, असा विषय. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती, नग्नता नव्हती. मंडळाने ‘ए’ दिला. अब्बास ‘यू’साठी भांडले, अपिलात गेले आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. खटला चालू असतानाच सरकारने काहीही न कापता ‘यू’ देऊन टाकला. तरी न्यायालयाने मूळ प्रश्न सोडला नाही. सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी 1970 च्या निकालात चित्रपटाची आधी तपासणी करण्याचा आणि वयानुसार वर्ग पाडण्याचा अधिकार मान्य केला. त्याच वेळी कसोट्या स्पष्ट असाव्यात आणि कलाकृती काय सांगू पाहते याचा विचार व्हावा, असेही बजावले. आजचे सगळे शिक्के त्या निकालाच्या पायावर उभे आहेत.

या प्रकरणातला विरोधाभास कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. कामाठीपुऱ्याच्या गल्लीत तेव्हा शेकडो लेकरे राहत होती. जे पडद्यावर त्यांना दिसू नये असे मंडळाला वाटत होते, ते ती रोज शाळेला जाता-येता पाहत होती. ‘ए’ शिक्का कायम राहिला असता, तर त्या लेकरांना स्वतःच्या गल्लीवरचा चित्रपट पाहायला अठरा वर्षांचे व्हावे लागले असते. शिक्क्याने जपले असते ते मलबार हिलवरच्या लेकरांना, आणि खरे पाहता त्यांच्या आईबापांना.

दुसरे उदाहरण आनंद पटवर्धन यांचे. त्यांचा ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’ हा 1995 च्या सुमाराचा माहितीपट दोन भागांत आहे. मंडळाने पहिल्या भागाला ‘यू’ दिला आणि दुसऱ्याला ‘ए’. दूरदर्शनने तो दाखवायला नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले आणि 25 ऑगस्ट 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो दाखवा असे सांगितले. दुसऱ्या भागाचा विषय असा की पुरुषाला ‘मर्द’ कसे बनवले जाते, आणि रस्त्याकडेला ताकदीची औषधे विकणाऱ्यापासून धर्माच्या नावाने चिथावणाऱ्यापर्यंत सगळे त्या मर्दपणावर आपला धंदा कसा चालवतात. अठरा वर्षांच्या पुढे गेलेल्या पुरुषाने हे पाहिले तर तो फार तर मान डोलावेल. हे पाहायची खरी गरज आहे ती पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला. चौकात उभे राहून तो नेमके तेच शिकत असतो.

याचा अर्थ शिक्के मोडीत काढा असा कुणी करू नये. माहितीपट आहे म्हणून तो आपोआप पवित्र होत नाही. दुःखात बसलेल्या घरात कॅमेरा घुसवून ‘तुम्हाला काय वाटलं’ असे विचारणारे महाभाग आम्हीही पाहिले आहेत. प्रेतावर रेंगाळणारा कॅमेरा खरा असला तरी निर्लज्ज असतो, आणि तेरा वर्षांच्या लेकराला तो दाखवण्यात कसलेही शिक्षण नाही. काही चित्रे मनात रुतून बसतात, रात्री झोपू देत नाहीत, आणि ती कधी पुसली जातील हे कुणी सांगू शकत नाही. पालकांची ही भीती खरी आहे, तिची टिंगल करू नये. प्रश्न इतकाच आहे की त्या भीतीवर आकडा हा उतारा पुरतो का.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपण छाती फुगवून सांगतो. तर एकदा जर्मनीकडेही पाहू. फ्रेंच दिग्दर्शक आलें रेने यांनी नाझी छळछावण्यांवर ‘नाइट अँड फॉग’ हा बत्तीस मिनिटांचा माहितीपट केला. 1956 मध्ये कान महोत्सवात तो येणार म्हटल्यावर पश्चिम जर्मनीच्या वकिलातीने तो काढून घ्यावा यासाठी खटपट केली. फ्रान्सच्या परीक्षकांनाही एक दृश्य खुपले होते. एका छावणीवर पहारा देणाऱ्या पोलिसाच्या डोक्यावर फ्रेंच टोपी होती. ती झाकावी लागली. प्रत्येक देशाला आपापली टोपी झाकायची असते. पण पुढे याच जर्मनीत हा माहितीपट शाळांमधून पिढ्यान्‌पिढ्या दाखवला गेला. त्यात प्रेतांचे ढीग आहेत, कापलेल्या केसांचे ढीग आहेत. वर्गातल्या मुलांचे आजोबा त्या काळात कुठे होते, हा प्रश्न त्या अंधाऱ्या वर्गात बसलेला असायचाच. तरी दाखवला.

तिथे शिक्के नाहीत असे मुळीच नाही. 0, 6, 12, 16, 18 अशी काटेकोर उतरंड आहे आणि थिएटरवाला ती पाळतो. मात्र 12 च्या चित्रपटाला सहा वर्षांचे मूलही आईबापांसोबत जाऊ शकते, अशी सोय कायद्यात आहे. आकडा किती, याच्या जोडीला सोबत कोण आहे हेही ते विचारतात.

आता परभणीत येऊ. कठीण माहितीपट म्हटले की मुंबई-पुण्याच्या चर्चेत लोकांच्या डोळ्यांपुढे दूरचे काहीतरी येते. युद्ध, दंगल, परदेशातला वंशविद्वेष. आपल्या जिल्ह्याची अडचण वेगळी आहे. दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ हा 2009 चा माहितीपट घ्या. पत्रकार पी. साईनाथ विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी जातात, बोलतात, हिशेब मांडतात. नाव रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवलेल्या एका प्रसंगावरून आले आहे. नीरोच्या बागेत रात्री उजेड हवा म्हणून कैद्यांना जाळले गेले. साईनाथांचा रोख नीरोवर नाही, तर त्या उजेडात बसून मेजवानी झोडणाऱ्या पाहुण्यांवर आहे. ते कोण होते, त्यांच्या घशाखाली घास कसा उतरला? मुंबईतल्या महाविद्यालयात हा माहितीपट लागला तर मुलांपुढचा प्रश्न सरळ आहे: आपण त्या पाहुण्यांपैकी आहोत का?

हाच माहितीपट पालम, सोनपेठ किंवा जिंतूरकडच्या एखाद्या शाळेत दाखवा. तिसऱ्या बाकावर असे एखादे लेकरू बसलेले असू शकते, की जे त्यात दाखवले आहे ते त्याच्या घरात गेल्या वर्षी घडले आहे. त्याला नीरो नको, टॅसिटस नको. पंचनामा म्हणजे काय, सातबारा कुणाच्या नावावर असावा लागतो, बँकेचे कर्ज आणि सावकाराचे कर्ज यांत सरकारदरबारी काय फरक पडतो, हे सगळे ते तेराव्या वर्षी शिकलेले असते. मदतीचे एक लाख रुपये मिळावेत म्हणून आईचे बोट धरून ते तहसीलला गेलेले असते. ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ हे दोन शब्द त्याने मराठीच्या पुस्तकात वाचण्याआधी टेबलापलीकडून ऐकलेले असतात. या लेकराला कोणत्या वयाचा शिक्का लावायचा? सात, तेरा की सोळा?

मुंबईच्या कार्यालयात बसलेल्या मंडळाला हे लेकरू दिसणे शक्य नाही. त्यात मंडळाचा दोष नाही. तिथून वय दिसते, बाक दिसत नाही. तिसऱ्या बाकावर कोण बसले आहे हे गावच्या गुरुजींनाच ठाऊक असते. म्हणून आमचे म्हणणे असे की कठीण माहितीपट किशोरवयीन मुलांना दाखवावेत, पण ते दाखवण्याचा अधिकार ज्याला बाक ठाऊक आहे त्याचा असावा. शिक्क्याने त्याला आत काय आहे एवढे प्रामाणिकपणे सांगावे. पुढचे त्याच्यावर सोपवावे. ‘वर विचारावं लागेल’ हे वाक्य मग आपोआप निरर्थक ठरते. विचारायचे ते वर नव्हे, समोर बसलेल्यांना.

कुणी म्हणेल, परभणीतल्या लेकरांना आधीच काय कमी पाहावे लागते, त्यात ही आणखी भर कशाला? याचे उत्तर डिसेंबर 2024 मध्ये मिळाले आहे. 10 डिसेंबरला परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, धरपकड झाली, आणि 15 डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या दिवसांत मोबाईलवर काय काय फिरत होते हे शहरातल्या कुठल्याही आठवीच्या मुलाला विचारा. जळालेली वाहने, पळणारी माणसे, लाठ्या, आक्रोश, आणि त्याखाली न वाचवतील असे शेरे. त्या तुकड्यांवर 13 नव्हते, 16 नव्हते. आधी काय झाले आणि नंतर काय झाले, हेही नव्हते. मुलांनी सगळे पाहिले. बोलले मात्र त्यांच्याशी कुणीच नाही. वर्गात फळ्यावर तारीख बदलत राहिली आणि समीकरणे सुटत राहिली.

पटवर्धनांचाच ‘जय भीम कॉम्रेड’ 11 जुलै 1997 च्या मुंबईतल्या रमाबाई नगरमधल्या गोळीबारापासून सुरू होतो. तिथेही आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, दहा माणसे गेली, आणि चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. पटवर्धन चौदा वर्षे या विषयाच्या मागे राहिले. तेव्हा कुठे 2011 मध्ये तीन तासांहून मोठा हा माहितीपट पुरा झाला. चौदा वर्षे लागलेली गोष्ट आणि चौदा सेकंदांचा व्हिडिओ यांत फरक काय, हे परभणीच्या मुलांना त्या डिसेंबरात कुणी समजावले असते, तर त्यांच्या हातातला मोबाईल त्यांना जरा वेगळा दिसला असता. मुलांनी कठीण पाहू नये, हा पर्याय आता उरलेला नाही. ती तुकडे पाहतातच. सलग काही पाहायला मिळते का, एवढेच ठरवणे आपल्या हाती आहे.

ते ठरवणाऱ्याने काही साध्या गोष्टी पाळाव्यात. दाखवणाऱ्याने आधी स्वतः पूर्ण पाहावे, झलक पाहून चालणार नाही. यात काय आहे ते मुलांना आधी सांगावे, आणि कुणाला बाहेर जावेसे वाटले तर हात वर न करता जाता येईल असे दार उघडे ठेवावे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत अभ्यासक्रम संपला म्हणून वेळ भरायला लावू नये. तासाभराचा माहितीपट असेल तर नंतरचा पूर्ण तास मोकळा हवा, त्यात गृहपाठ नको, निबंध नको, ‘यातून आपण काय शिकलो’ हा प्रश्न तर मुळीच नको. गुरुजींनी मात्र जागेवरून हलू नये. यासाठी शासन निर्णय लागत नाही. वेळ लागतो.

असा वेळ देणारा एक शिक्षक आमच्या परिचयाचा आहे. त्याने अकरावीच्या मुलांना शेतीवरचा असाच एक माहितीपट दाखवला. वर्गाच्या खिडक्यांना खताची रिकामी पोती लावून अंधार केला होता. निम्म्यावर एक मुलगा उठला आणि बाहेर नळावर गेला. का गेला, हे गुरुजींना ठाऊक होते. त्यांनी हाक मारली नाही. फक्त त्याच्या बाकावरच्या मित्राकडे पाहिले. तोही उठून नळावर गेला. दोघे बऱ्याच वेळाने आले आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले. माहितीपट संपला, पोती काढली, वर्गात ऊन आले. कुणी काही बोलेना. गुरुजींनीही घाई केली नाही.

मग मागून त्याच मुलाने विचारले, ‘सर, त्यातल्या त्या बाईंचं प्रकरण पुढं पात्र ठरलं का?’

गुरुजींना उत्तर माहीत नव्हते. त्यांनी तसे सांगितले, आणि त्याला पुढे येऊन बसायला जागा करून दिली.